राखणदाराची माळ

मी जन्मजात भित्रा. विंचवाला भितो, विजेला भितो, मोठ्याने बोलणाऱ्या माणसालाही भितो, आणि आता या वयात ते लपवायचा मला कंटाळा आलाय. माझे वडील, म्हणजे आप्पा, मला बघून "भित्यापाठी ब्रह्मराक्षस" म्हणायचे आणि खो खो हसायचे. माझा ब्रह्मराक्षस आमच्या गोठ्यातच होता, सिमेंटच्या कट्ट्यावर बोल्टांनी पक्का बसवलेला. कडबा कापायचं मशीन.

कंग्राळीत आमच्या घरी म्हशी होत्या आणि त्यांचं दूध सायकलवरून बेळगावात जायचं. वैरण अख्खीच टाकली तर म्हैस निम्मी तुडवते, कापून घातली तर सगळी खाते. म्हणून गावात वीज आल्यावर घरोघरी ही मशीनं आली. पन्हळीसारख्या लांबट पत्र्यात वैरणीची पेंडी ठेवायची आणि पुढे सरकवायची. पन्हळीच्या तोंडाशी दोन दातेरी रूळ असतात, ते पेंडी आत ओढतात, आणि मागच्या जड चाकावरची पाती तिचे बोटभर तुकडे करतात. रुळांना कडबा आणि हात यांतला फरक कळत नाही.

शेजारच्या घरातल्या माझ्या काकीची चार बोटं अशीच गेली. मी तेव्हा शाळेत होतो. तिचं ओरडणं मी ऐकलं असणार, पण ते मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशीची सकाळ मात्र लख्ख आठवते. काकांनी मशीन पाण्याने धुतलं, नारळ फोडला आणि खटका दाबला, कारण म्हशींना खायला लागतंच. ते चाक फिरायला लागलं आणि मी आमच्या परसात उभ्या उभ्या चड्डी ओली केली. घरात त्यावरून पुढे कित्येक वर्षं माझी चेष्टा व्हायची.

आमच्या घरी वैरण कापायची माझी आई. ती कधी भितेय असं म्हणायची नाही, पण तिचं सगळं अंग भ्यायलेलं असायचं. पाय मागे रोवलेले, कंबर मागे, दोन्ही हात लांब करून ती पेंडी ढकलायची. शेवटचा राहिलेला भाग कधी तळव्याने ढकलायची नाही. दुसरी पेंडी आणून तिने पहिली पुढे लोटायची. मशीन सुरू असताना ती कुणाशी बोलायची नाही. आम्ही हाक मारली तर ओ देणं दूरच, मान वळवायची नाही. मी शाळेतून येऊन आधी तिचे हात बघायचो. रोज. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही.

पुढे मी बेळगावात इंजिनिअरिंगला गेलो. ऐंशीनंतरची पहिली वर्षं असतील. शेवटच्या वर्षी आमच्या सरांनी वर्गात सांगितलं, की विद्यापीठ यंदा पोरांच्या कल्पनांना हातभार लावणार आहे. बाजारात चालेल अशी एखादी वस्तू डोक्यात असेल तर तिचा नमुना बनवायचा. लोखंड विद्यापीठ देणार, कॉलेजचं वर्कशॉप वापरायला मिळणार, मार्गदर्शक म्हणून सर, आणि नमुना पास झाला तर उद्यमबागेतला एक कारखानदार तो बाजारात आणायला तयार होता. हे सर घरी कानडी बोलायचे, शिकवायचे इंग्रजीत आणि माझ्यावर चिडायचे मराठीत. त्यांनी विचारलं, "काय रे, तू काय करणार?" मी क्षणभरही विचार न करता म्हणालो, "सर, कडब्याचं मशीन हात सोडेल असं करायचंय."

वर्गात हशा पिकला. निपाणीचा एक पोरगा तंबाखू चाळायचं यंत्र करणार होता, दुसरा कसलासा पंप. ते पुरुषी काम. माझं आपलं बायकांच्या हाताचं. पण सरांना ते पटलं.

कल्पना अगदी साधी होती. मशीनचा खटका पाडून उपयोग नसतो, कारण चाक जड असतं, ते आपल्या वेगात फिरतच राहतं आणि रुळांनाही फिरवत राहतं. तेवढ्यात हात आत ओढला गेलेला असतो. म्हणून मी पन्हळीवर, रुळांच्या वीतभर अलीकडे, एक आडवी लोखंडी दांडी बसवली. वैरण तिच्या खालून जायची. हात पुढे गेला तर मनगट दांडीला लागणार, दांडी ढकलली जाणार, स्प्रिंग सुटणार आणि रूळ चाकापासून वेगळे होऊन जागच्या जागी थांबणार. चाक फिरेना का बापडं. वर्कशॉपमध्ये आम्ही मनगटाएवढा केळीचा गाभा पन्हळीत सारून बघायचो. टक्क असा आवाज व्हायचा आणि रूळ थांबायचे. गाभ्याला ओरखडासुद्धा नाही. एक खोट तेवढी राहिली होती. दांडी तिच्या भोकांत जरा सैल होती, मशीन सुरू झालं की खुळखुळायची. सर म्हणायचे, "तो आवाज काढ, खेळण्यासारखा वाटतो." मी उद्या काढतो म्हणायचो.

विद्यापीठाची एक अट होती. नमुना खऱ्या शेतकऱ्याच्या घरी काही महिने वापरून दाखवायचा, मग कमिटी येऊन तो तिथेच बघणार. खरा शेतकरी मी कुठे शोधायला जाऊ? आमच्याच गोठ्यातलं मशीन काढलं आणि पावसाळ्याच्या तोंडाला दांडीवालं बसवलं.

पहिले काही दिवस आईने दांडीकडे बघितलंही नाही. मागे रेलून, हात लांब करून तिचं काम चालू. मग एकदा चुकून तिचा हात पुढे गेला. टक्क. रूळ थांबले. आईने हात बाहेर काढला, उलटासुलटा करून बघितला आणि हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला त्या मशीनजवळ कधी बघितलं नव्हतं. संध्याकाळी तिने दांडीला कुंकू लावलं.

"ह्यो आमचा राखणदार," शेजारणींना ती सांगायची. "गावाच्या शिवंवर एक हाय, आन हितं गोठ्यात एक."

त्या बायका बघायला यायच्या. एकेक जण हात घालायची, टक्क झालं की किंचाळायची आणि सगळ्या मिळून हसायच्या. काकीही आली. तिने उरलेला अंगठा दांडीला लावून बघितला आणि पदर तोंडाला लावून निघून गेली. मला त्या दिवशी इतका अभिमान वाटला की मी विंचवालाही भ्यायलो नसतो.

तो अभिमान फार टिकला नाही. श्रावणात मी एकदा कॉलेजातून आलो तर आई मशीनला टेकून उभी, मान मागे वळवून शेजारणीशी बोलतेय, आणि हात आपले आपण वैरण लोटताहेत. तळव्याने. अगदी दांडीपर्यंत.

"आई, हात मागं घे."

"आगा, राखणदार हाय की."

"स्प्रिंग कधी तुटली म्हणजे?"

"तूच केलाईस न्हवं? मग तुटंल कशाला?" असं म्हणून ती शेजारणीकडे वळली. "लई शिकलाय, पर भ्या काय जाईना ह्येचं."

मी रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी ती स्प्रिंग बघू लागलो. तेल घालायचो, दाबून बघायचो, नखाने खरवडून बघायचो. सायकलवर बसलो की वाटायचं, बघितली खरी, पण नीट बघितली का? कधी कधी अर्ध्या वाटेवरून परत यायचो. पूर्वी मी मशीनला भ्यायचो, आता मी माझ्याच दांडीला भिऊ लागलो. पूर्वी निदान आई माझ्याबरोबर भ्यायची. आता तिच्या वाटणीचंही मलाच भ्यायला लागत होतं.

सरांना मी एकदा म्हणालो, "सर, घरातल्या बायका आता मशीनला भीतच नाहीत."

सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "अरे, तेच तर हवंय आपल्याला! कमिटीसमोर हेच वाक्य बोल."

खरं तर मला त्यांचा रागच आला होता, पण मोठ्याने बोलणाऱ्या माणसाला मी भितो हे वर सांगितलंच आहे.

कमिटी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार असं ठरलं. आईला फार आनंद झाला. खंडेनवमीला आमच्याकडे नांगर, विळे, कुऱ्हाड, सगळं धुऊन पुसून पुजतात. त्या वर्षी माझी ड्रॉइंगची लांब पट्टीसुद्धा विळ्याशेजारी मांडून तिला हळदकुंकू वाहिलं होतं. कडब्याच्या मशीनची पूजा सगळ्यांत थाटाची. आईने परसातला झेंडू सुतळीत ओवून मनगटाएवढी जाड, लांबलचक माळ केली आणि ती मशीनला घातली. पुजलेलं अवजार दसरा होईपर्यंत चालवायचं नाही आणि घातलेली माळ हाताने काढायची नाही, ती वाळून आपणहून गळायची, ही आमच्या घरची रीत. त्या दिवसांची वैरण आईने आधीच कापून ठेवली होती. मीही मशीनसमोर वाकून नमस्कार केला; माळ हलवायची नव्हती, म्हणून स्प्रिंग बघायचं तेवढं राहिलं. झेंडूचा वास छान येत होता.

दुसऱ्या दिवशी दसरा झाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात जीप थांबली. तिघे उतरले: आमचे सर, उद्यमबागेतला तो कारखानदार, आणि विद्यापीठाकडून आलेले एक पांढऱ्या केसांचे वयस्कर गृहस्थ, जे फक्त कानडी आणि इंग्रजी बोलायचे. आई नवी साडी नेसली होती. दोन्ही हातांत दसऱ्याला भरलेली हिरवीगार काकणं. चहा झाला, मग सगळे गोठ्यात आले. माळ घातलेलं मशीन बघून वयस्कर गृहस्थांनी हात जोडले. ते बघून सरांनी माझ्याकडे डोळे मिचकावले. म्हणजे निम्मं काम झालं.

खटका गोठ्याच्या दाराजवळच्या भिंतीवर होता. मी तिथून मशीन सुरू केलं. आईने मक्याची हिरवी ताटं पन्हळीत ठेवली आणि काम सुरू केलं. सर मोटारीच्या आवाजावरून ओरडून माहिती देत होते. ते दोघे मान हलवत होते. सगळं नीट चाललं होतं आणि तरी मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मनाला म्हटलं, तुझं हे नेहमीचंच. भागुबाई कुठला.

मग वयस्कर गृहस्थ म्हणाले, आता हात गेला तर थांबतं ते दाखवा. मी केळीचा गाभा कापून कोपऱ्यात ठेवलाच होता. तो आणायला मी वळलो. माझ्या मागे आई म्हणाली, "केळ कशाला पायजे? माझा हात हाय की."

सर हसले. कारखानदार हसला. वयस्कर गृहस्थ जरा चपापले आणि तिला धीर द्यायला म्हणाले, "हेदरब्याडरी, आक्का." घाबरू नका.

आमच्या भागातल्या कुठल्याही बाईला येतं तेवढं कानडी आईला येत होतं. ती ताठ मानेने म्हणाली, "हेदरिकी इल्लरी." भीती नाही.

आणि त्याच वेळी काय चुकतंय ते मला कळलं. खुळखुळ ऐकू येत नव्हती. मशीन सुरू झाल्यापासून दांडी एकदाही वाजली नव्हती. मी वळून बघितलं. झेंडूच्या त्या जाड माळेचे वेढे आईने दांडीवरून घेऊन मशीनच्या खांबाला आवळले होते, एक, दोन, कितीतरी. राखणदाराला माळ घालायची तर ती घट्टच बसायला हवी, गळून मशीनमध्ये जायला नको, असा तिचा विचार. दांडी खांबाला जखडलेली होती. ती तसूभरही हलणार नव्हती.

माझी बोबडी वळली. हा शब्द मी हजार वेळा वापरला असेल, तो खरा काय असतो ते तेव्हा कळलं. तोंड उघडलं पण आवाज नाही. खटका हाताशीच होता, पण खटका पाडून काही होणार नाही हे जगात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आईचा उजवा हात मक्याच्या ताटांवरून पुढे निघाला होता. ती हात बघतसुद्धा नव्हती, पाहुण्यांकडे बघून हसत होती.

मी कसा गेलो ते आठवत नाही. मी तिच्या केसांना आणि खांद्याला धरून मागे ओढलं, पूर्ण ताकदीने. आम्ही दोघे वैरणीवर आणि शेणावर आडवे झालो. काकणं फुटली. आईच्या मनगटातून रक्त येत होतं. मी वेड्यासारखा तिची बोटं मोजू लागलो, आणि तिने त्याच हाताने माझ्या थोबाडीत मारली.

"नवरा जिता हाय माझा, आन काकणं फोडतोस व्हय रं मुडद्या! पावण्यांच्या म्होरं!"

आप्पा धावत आले. सर रागाने लाल झाले होते, "काय तमाशा आहे हा?" म्हणून ओरडत होते. मला अजूनही बोलता येत नव्हतं. मी उठलो, कोपऱ्यातला केळीचा गाभा उचलला आणि सगळ्यांच्या देखत पन्हळीत घातला. तो माळ घातलेल्या दांडीला लागला. दांडी हलली नाही. तो तिच्याखाली घुसला, रुळांनी त्याला धरलं, ओढलं, आणि पलीकडे त्याच्या पांढऱ्या चकत्या पडायला लागल्या. त्या पडत राहिल्या. मी गाभा सोडेना तेव्हा सरांनी माझा हात धरून मागे घेतला आणि आप्पांनी खटका पाडला. तरी चाक बराच वेळ फिरत होतं.

आई त्या चकत्यांकडे बघत होती. तिचा चेहरा पांढरा फटक पडला होता. ती खाली बसली आणि तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

कमिटीला मी सगळं सांगितलं, अडखळत. मला वाटलं आता जीपमध्ये बसून जातील. पण वयस्कर गृहस्थांनी ती माळ हाताने चाचपून बघितली आणि म्हणाले, की कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये हा दोष शंभर वर्षांत सापडला नसता, आम्ही घरी वापरायला लावतो ते यासाठीच. दांडीला बाहेरून पत्र्याचं झाकण घाला, म्हणजे तिला काही बांधताच येणार नाही. कारखानदार लगेच म्हणाला, झाकण काय, सोपं आहे. सरांचा राग कुठल्या कुठे गेला. मोठी माणसं अशी चटकन खूश होतात, याचा मला आजही हेवा वाटतो.

झाकण मी केलं. पण मी आणखी एक गोष्ट केली, आणि ती सरांना शेवटपर्यंत पटली नाही. मी स्प्रिंग दुप्पट कडक केली आणि दांडी अशी बसवली, की हात लागला तर ती उलटून मनगटावर सणसणीत बसावी. हाड मोडणार नाही, पण चांगलं झोंबेल, निळं पडेल. सर म्हणाले, "अरे, सुरक्षेच्या वस्तूने माणसाला मारायचं?" मी म्हणालो, "व्हय सर." त्यांना उलट उत्तर द्यायची ती माझी पहिली वेळ. कारखानदाराने पुढे ती मशीनं काढली, आसपासच्या गावांत काही गेलीही. त्या दांडीशी कुणी बाई खेळल्याचं मी ऐकलं नाही. माझ्या नावाने शिव्या घातलेल्या मात्र ऐकल्या, आणि खुशाल ऐकल्या.

पण हे सगळं नंतरचं. कमिटी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात वैरणीची एक काडीही कापलेली नव्हती आणि म्हशी ओरडत होत्या. माळ आईने स्वतः विळ्याने कापून विहिरीत सोडली होती. घरची रीत तिने मोडलेली मी ती एकदाच बघितली. मी म्हणालो, आज मी कापतो. ती म्हणाली, "तू किती दिस कापणार हाईस?" मी मोटार सुरू केली. दांडी खुळखुळायला लागली. आई पन्हळीजवळ आली, पाय मागे रोवून उभी राहिली, हात लांब केले आणि थांबली. दांडी तिच्या हातांपासून लांब होती, रूळ त्याहून लांब, तरी पेंडी पुढे सरकेना.

"भ्या वाटतंय रं," ती म्हणाली.

उभ्या जन्मात तिने तो शब्द स्वतःसाठी वापरलेला मी ऐकला नव्हता. मुलाने अशा वेळी आईला धीर द्यायचा असतो, भिऊ नको म्हणायचं असतं. माझ्या तोंडून ते निघेना. मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले.

"वाटू दे आई," मी म्हणालो. "तेवढं तरी सोडू नकोस."